अनुदान शाळेला, तुकडीला की पदाला?

प्रश्न : माझे वय ३१ असून मी गणित विषयात बी.एस्सी. आणि त्यानंतर बी.एड. केले आहे. सध्या एका खासगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्या तालुक्यातील एका खासगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत या विषयांची जागा असल्याचे समजल्यावरून मी संस्थेच्या सचिवांना भेटले. शाळा ४० टक्के अनुदानावर आहे, लवकरच ती शंभर टक्क्यांवर जाईल आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना शासन प्राधान्याने अनुदान देते, असे त्यांनी सांगितले. शाळेतली अटल टिंकरिंग लॅबही दाखवली आणि विज्ञानासाठी सरकार किती पैसा देते ते पाहा, असे म्हणाले. मान्यता येईपर्यंत संस्था दरमहा आठ हजार रुपये देईल. मी जूनमध्ये रुजू व्हावे आणि 'इमारत निधी' म्हणून काही लाख रुपये दोन हप्त्यांत भरावेत, असा त्यांचा प्रस्ताव आहे. सासरची मंडळी शेत गहाण ठेवून पैसे उभे करायला तयार आहेत. मी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण नाही आणि शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणीही दिलेली नाही. शासन खरोखरच या विषयांच्या शिक्षकांसाठी वेगळे अनुदान देते का? ही नोकरी धरावी का? आणि त्यासाठी क्लास आत्ताच सोडावा का?
– एक गणित शिक्षिका

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असल्यामुळे त्याच्याकडे आधी नीट पाहू. महाराष्ट्रात खासगी शाळांना मिळणारे वेतन अनुदान विषयाला मिळत नाही. ते शासनाने मंजूर केलेल्या पदाला मिळते, आणि ते पद शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर मंजूर होते. गणिताचा शिक्षक म्हणून कोणाचे अनुदान आधी सुटले आणि मराठीचा शिक्षक म्हणून कोणाचे मागे राहिले, असे घडत नाही. अनुदान २०, ४० टक्के असे टप्प्याटप्प्याने वाढते आणि एका शाळेतल्या एकाच टप्प्यावरच्या सगळ्या मान्य शिक्षकांचा टक्का सारखाच असतो.

तरीही सचिवांचे विधान अगदीच हवेतून आलेले नाही, आणि म्हणूनच ते फसवे आहे. त्याच्या मागे तीन खऱ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शिक्षण हक्क कायद्याची. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी शिक्षकांचे विषयगट ठरवून दिले आहेत आणि त्यात विज्ञान व गणित यांसाठी किमान एक शिक्षक असलाच पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. दुसरा गट सामाजिक शास्त्रांचा आणि तिसरा भाषांचा आहे. दुसरी गोष्ट २०१२ सालची. त्या वर्षी २ मे रोजी शासनाने शिक्षक भरतीवर निर्बंध आणले, तेव्हा इंग्रजी, गणित आणि विज्ञान या विषयांच्या पदांना त्यातून सवलत ठेवण्यात आली होती, आणि त्या काळात नेमलेल्या अनेक शिक्षकांची मान्यता पुढे उच्च न्यायालयात या सवलतीच्या आधारे लढवली गेली. तिसरी गोष्ट अशी की, हल्लीच्या भरतीत जाहिराती विषयनिहाय येतात आणि गणित-विज्ञानाच्या जागा त्यांत वेगळ्या दिसतात. या तिन्ही गोष्टी नेमणुकीविषयीच्या आहेत. त्यांतली एकही अनुदानाविषयीची नाही. सचिवांनी नेमणुकीतले प्राधान्य उचलून पगाराला जोडले, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटावे अशा रीतीने सांगितले.

केवळ या विषयांच्या शिक्षकांसाठी सरकारने निधी द्यावा, ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात खासगी शाळांतील गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षकांच्या वेतनाचा काही भाग भरून देण्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे अशी योजना असावी की नसावी, यावर वाद घालता येईल, आणि माझे वैयक्तिक मत ती असावी असेच आहे, कारण ग्रामीण भागातल्या कित्येक शाळांत दहावीचे बीजगणित दुसऱ्याच विषयाचा पदवीधर शिकवत असतो. पण आज ती नाही, आणि नसलेल्या योजनेच्या भरवशावर शेत गहाण टाकता येत नाही.

लॅबचेही तसेच आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी नीती आयोगाकडून शाळेला २० लाख रुपयांपर्यंत निधी मिळतो, त्यातले सुमारे निम्मे उभारणीसाठी आणि उरलेले पुढच्या काही वर्षांच्या कामकाजासाठी, आणि खासगी शाळाही त्यासाठी अर्ज करू शकतात. इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती तयार करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. दोन्ही योजना चांगल्या आहेत. परंतु त्यांतून शिक्षकाचे एकही पद निर्माण होत नाही, आणि लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटर आहे यावरून शाळेत विज्ञानाचे पद मंजूर आहे, असा निष्कर्ष मुळीच निघत नाही.

आता पद कसे मंजूर होते ते पाहू, कारण तुमचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर, शाळेची संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर ते ठरते. या पटात आता केवळ हजेरीपुस्तकातली नावे चालत नाहीत. विद्यार्थ्यांची आधार पडताळणी झालेली नोंद ऑनलाइन प्रणालीत असावी लागते, आणि नाव किंवा जन्मतारखेच्या फरकामुळे पडताळणी अडलेली मुले मोजणीतून गळल्याने पद गेल्याच्या तक्रारी राज्यभर आहेत. या पटावर सहावी ते आठवीसाठी किती शिक्षक आणि नववी-दहावीसाठी किती, हे स्वतंत्रपणे ठरते. २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने हे निकष घातले होते. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने ते बदलले आणि कमी पटाच्या शाळांची स्थिती आणखी अवघड झाली. नववी-दहावीचा पट घसरला की एक पद जाते, आणि कोण अतिरिक्त ठरणार हे सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेने ठरते. म्हणजे शाळेत सर्वांत शेवटी आलेली व्यक्ती सर्वांत आधी बाहेर पडते, मग ती गणिताची का असेना. तुम्ही ज्या शाळेत जाणार आहात तिचा पट गेल्या तीन वर्षांत वाढतो आहे की घटतो आहे, हे सचिवांच्या कोणत्याही आश्वासनापेक्षा अधिक बोलके ठरेल.

यापुढचा मुद्दा अधिक बारकाईने वाचा, कारण उमेदवारांची फसगत इथेच सर्वाधिक होते. 'शाळा अनुदानावर आहे' या वाक्याचे निदान तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. मूळ शाळा अनुदानित असते, पण नंतर वाढवलेली एखादी तुकडी विनाअनुदानित असते. कधी तुकडी टप्पा अनुदानावर असते, पण त्या तुकडीवर मंजूर असलेली सर्व पदे आधीच भरलेली असतात. आणि कधी पद रिकामे असते, पण ते दुसऱ्या शाळेत अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला सामावून घेण्यासाठी किंवा आरक्षणाच्या बिंदूसाठी, म्हणजे ठरावीक प्रवर्गासाठी, राखलेले असते, आणि तुमच्या प्रवर्गाच्या उमेदवाराला ते मिळणारच नसते. तिन्ही प्रसंगी सचिव शाळेविषयी जे बोलले ते खरेच असते. फक्त त्यांच्या बोलण्यात तुमच्यासाठी जागा नसते.

तुमच्या बाबतीत असे घडत आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत तुमच्याच पत्रात दडलेली आहे. खासगी शाळेतला माध्यमिक शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो आणि त्याचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये आहे. शाळा ४० टक्क्यांच्या टप्प्यावर असेल आणि तुमचे पद व तुमची नेमणूक दोन्ही मान्य असतील, तर शासनाचा वाटा ७,२०० रुपये होईल आणि तो शालार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीतून थेट तुमच्या बँक खात्यात जमा होईल. उरलेले १०,८०० रुपये देण्याची जबाबदारी संस्थेची राहील. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणीत आल्यावर तुमचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होईल आणि त्याच टप्प्यावर शासनाचा वाटा मूळ वेतनापुरता १५,४४० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता वगैरे असा असेल. आता सचिवांनी सांगितलेल्या आठ हजारांकडे पाहा. ते कोणत्या खात्यातून येणार आहेत? संस्थेच्या खात्यातून किंवा रोख येणार असतील, तर आजच्या घडीला शासनाच्या दप्तरी तुम्ही नाही. आणखी एक गंमत अशी की, आठ हजार हे २०२३ पूर्वीचे माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन होते. संस्थेने जुना आकडा तसाच पुढे चालू ठेवलेला दिसतो.

'लवकरच शंभर टक्के' याविषयीही थोडे सांगतो. २००१ च्या सुमारास राज्याने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी द्यायला सुरुवात केली. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला. त्यानंतर मूल्यांकनाचे निकष आले, पात्र शाळांच्या याद्या निघाल्या, आणि २० टक्क्यांचा पहिला टप्पा प्रत्यक्ष हाती पडायला २०१६ साल उजाडले. पुढचे टप्पे २०२१ आणि फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयांनी आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी २० टक्के वाढ जाहीर झाली, पण तिच्यासाठी निधीची तरतूद झाली नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर भर पावसात बसावे लागले, आणि त्यानंतर शासनाने पैसे देण्याचे मान्य केले. या प्रवासात पहिल्या दिवसापासून असलेला शिक्षक पन्नाशीला टेकला. प्रत्येक टप्प्याला निर्णय वेगळा, पात्र शाळांची यादी वेगळी आणि निधीची लढाई वेगळी, असा आजवरचा अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात अनुदान मिळणे हा संस्थेचा मूलभूत अधिकार नाही, ते शासनाच्या धोरणावर अवलंबून असते, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा अनुदानाची तारीख सांगण्याचा अधिकार तुमच्या सचिवांना नाही, शिक्षणाधिकाऱ्यांनाही नाही.

सर्वांत गंभीर बाब मात्र नेमणुकीच्या मार्गाची आहे. अनुदानित आणि अंशतः अनुदानित खासगी शाळांतील शिक्षकांची भरती आता 'पवित्र' या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलमार्फत होते. शाळेने मंजूर रिक्त पद बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी, याची नोंद) तपासून पोर्टलवर जाहीर करायचे, उमेदवाराने शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दिलेली असायची, आणि गुणांच्या आधारे पोर्टलवरून आलेल्या नावांतून निवड व्हायची, असा हा क्रम आहे. संस्थेने मुलाखतीचा पर्याय घेतला तरी मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते पोर्टलच ठरवते. अल्पसंख्याक संस्थांना निवडीचे स्वातंत्र्य अधिक आहे, पण तुमच्या पत्रावरून ही संस्था तशी वाटत नाही. ही चाचणी आतापर्यंत २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली, आणि तुम्ही ती दिलेलीच नाही. असे असताना सचिव तुम्हाला अनुदानित पदावर थेट घेण्याचे सांगत असतील, तर एकतर ते पद अनुदानित नाही, किंवा नेमणूक मागच्या दाराने होणार आहे. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

मागच्या दाराने म्हणजे कसे, तेही सांगितले पाहिजे. नेमणुकीचा आदेश जुन्या तारखेचा दाखवायचा, मस्टर आणि ठराव मागच्या तारखांनी लिहून काढायचे, वैयक्तिक मान्यतेचा आदेश मिळवायचा आणि शालार्थ आयडी काढून पगार सुरू करायचा. काही वर्षे असे पगार सुखेनैव निघालेही. पण २०२५ मध्ये नागपूर विभागातील बोगस शालार्थ आयडींचे प्रकरण बाहेर आल्यावर विशेष तपास पथक नेमले गेले आणि अधिकाऱ्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत अटका झाल्या. अशा प्रकरणात ज्याच्या नावे आयडी निघाला त्याचे वेतन थांबते, वसुली लागू शकते आणि चौकशीला सामोरे जावे लागते. तुम्हाला जूनमध्ये रुजू व्हा असे सांगताना कोणी 'आदेश २०१९ चा करून देतो' असे म्हणाले, तर त्या खोलीतून तत्काळ उठून या.

आता इमारत निधी. याला दोन शब्दांत उत्तर आहे, ते म्हणजे देऊ नका. पण घरच्यांना पटवून द्यायला कारणे लागतील, म्हणून ती लिहितो. शासनाकडून आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शिक्षण संस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येनुसार लोकसेवक ठरतात. त्यांनी नोकरीच्या बदल्यात पैसे घेणे ही लाच आहे, मग पावतीवर देणगी लिहिलेले असो वा इमारत निधी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागलेल्या व्यक्तीला सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तरच संरक्षण मिळते. म्हणजे पुढेमागे नोकरी गेली आणि तुम्ही पैसे परत मागायला निघालात, तर स्वतःचाच गुन्हा कबूल करून मागावे लागतील. हे संस्थेला पक्के ठाऊक असते, आणि म्हणूनच असे पैसे सहसा परत मिळत नाहीत. तक्रार करावीशी वाटली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार पैसे देण्याआधी करायची असते.

सासरची मंडळी याला 'सरकारी पगाराची नोकरी' म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात पाऊस आणि बाजारभाव यांवर वर्ष काढावे लागते, तिथे महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या रकमेचे मोल वेगळे असते. त्यांच्याशी कायद्याच्या भाषेत बोलून उपयोग होईलच असे नाही. त्यांना हिशेब मांडून दाखवा: एका बाजूला गहाणाचे व्याज, दुसऱ्या बाजूला आठ हजार रुपये, आणि मधल्या काळात बंद झालेले क्लासचे उत्पन्न. हे शेवटचे कलम बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी करता येत नाही. 'शाळा करून संध्याकाळी क्लास चालू ठेवू' हा तुमच्या मनातला बेत असेल, तर तो कायद्यात बसत नाही. अनेक जण तसे करतात हे मला माहीत आहे. पण नोकरी आधीच कच्च्या पायावर असताना संस्थेच्या हाती आणखी एक दोरी कशाला द्यायची?

सचिवांना नकार देण्याआधी त्यांना त्यांचे म्हणणे सिद्ध करण्याची एक संधी जरूर द्या, आणि ती लेखी द्या. त्यांच्याकडे शाळेचे नाव परिशिष्टात असलेला अनुदान टप्प्याचा शासन निर्णय, चालू वर्षाची संचमान्यता, मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली आणि रिक्त पदाचे कारण दर्शवणारा कागद, म्हणजे आधीच्या शिक्षकाचा निवृत्ती किंवा राजीनाम्याचा आदेश, यांच्या प्रती मागा. सचोटीने चालणाऱ्या संस्थेत हे सारे कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात एकाच फाइलीत असतात आणि ते दाखवायला पाच मिनिटे लागतात. टाळाटाळ झाली, तर अनुदान घेणारी शाळा माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येते हे लक्षात ठेवा. दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज शाळेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात द्यावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. माझा आग्रह शिक्षणाधिकारी कार्यालयातून कागद घेण्याचा राहील. संचमान्यता तिथूनच निघते, आणि कोण अर्ज करते आहे हे शाळेला लगेच कळणेही टळते.

संचमान्यतेचा कागद हाती आला की नववी-दहावीच्या रकान्यात मंजूर पदे किती आणि कार्यरत किती हे आधी पाहा. दोन्ही आकडे सारखे असतील, तर जागा नाही आणि पुढचे काही वाचण्याची गरज नाही. मंजूर पद जास्त असेल, तर ते रिक्त पद कोणत्या प्रवर्गाच्या बिंदूवर आहे ते बिंदुनामावलीत शोधा. त्यानंतर शाळेच्या वेळापत्रकाची एक प्रत मिळाली तर उत्तम. गणित भाग एक व दोन आणि विज्ञान भाग एक व दोन यांच्या तासिकांसमोर कोणाची नावे आहेत ते त्यावरून समजेल. तिथे दोन वर्षांपूर्वी अशाच 'मान्यता येईपर्यंत' या बोलीवर घेतलेल्या एखाद्या शिक्षकाचे नाव आढळले, तर त्यांना भेटा. ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक सांगतील.

कदाचित या सगळ्यातून असे निष्पन्न होईल की, जागा विनाअनुदानित तुकडीवरची आहे, पण शाळा बरी आहे आणि तुम्हाला वर्गात उभे राहायचेच आहे. तसे असेल तर जायला हरकत नाही, मात्र ती नोकरी अनुदानाची वाट पाहण्याची जागा म्हणून धरू नका. आहे तशी धरा. लेखी नेमणूक आदेश घ्या आणि त्यातला पहिला परिच्छेद दोनदा वाचा. 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात, शैक्षणिक वर्षापुरती' असे शब्द असतील, तर एप्रिलअखेर संस्था तुम्हाला काहीही न सांगता मोकळी होते. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, आणि वेतन त्यातील श्रेणीप्रमाणे द्यावे अशी तरतूद आहे. कमी केल्यास तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. पण न्यायाधिकरण पहिला प्रश्न विचारते तो नेमणूक रीतसर झाली होती का, हा. आणि जाहिरातीविना, निवडीविना, वर्षापुरत्या आदेशावर आलेल्या माणसाचे तिथे फारसे चालत नाही. विनाअनुदानितवरून अनुदानित पदावर बदलीची वाट नियमांत आहे, तिचेही आश्वासन तुम्हाला दिले जाईल. २०२२ च्या अखेरीस शासनाने अशा बदल्यांना स्थगिती दिली होती, एवढे ध्यानात असू द्या. आणि शाळा २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली सुरू झालेली निघाली, तर अनुदानाचा विषय तिथेच संपतो, कारण त्या शाळा अनुदान मागणार नाही या अटीवरच उभ्या असतात. अशा शाळांत उलट पगारासाठी घासाघीस करता येते, आणि चांगल्या गणित शिक्षकाची किंमत तुम्ही कल्पना करता त्यापेक्षा जास्त असते.

तुमचा खरा मार्ग पोर्टलचा आहे, आणि तो लांबचा वाटला तरी तुमच्या विषयामुळे इतरांपेक्षा कमी गर्दीचा आहे. टीईटीचा दुसरा पेपर १५० गुणांचा असतो आणि त्यातले ६० गुण गणित-विज्ञानाचे, म्हणजे तुम्ही रोज शिकवता त्याच विषयांचे, असतात. उत्तीर्ण होण्यास खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५५ टक्के गुण लागतात. नववी-दहावीच्या पदासाठी टीईटीची अट नाही, पण ती तरीही उत्तीर्ण व्हा. पट घसरला तर माध्यमिकचा शिक्षक सहावी ते आठवीकडे ढकलला जाऊ शकतो, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले आहे. दुसरीकडे अभियोग्यता चाचणीची तयारी आत्तापासून सुरू करा. ती २०० गुणांची असते, तिच्यात विषयज्ञान जवळपास विचारत नाहीत, आणि तर्क व आकडेमोडीच्या भागात गणिताचा पदवीधर सहज पुढे निघतो. भाषेचा आणि मानसशास्त्राचा भाग मात्र वाचूनच करावा लागेल. चाचणी केव्हा होईल याचा नेम नसतो, त्यामुळे जाहिरात आल्यावर अभ्यासाला बसू, असे करून चालत नाही.

म्हणून क्लास जूनमध्ये सोडू नका. सचिवांना एवढेच सांगा की, कागद पाहिल्याशिवाय आणि पोर्टलवर जाहिरात आल्याशिवाय मी रुजू होणार नाही, आणि निधी देण्याची माझी ऐपतही नाही व इच्छाही नाही. यावर ते 'दुसरा उमेदवार तयार आहे' असे म्हणतील, म्हणू द्या. संचमान्यतेची प्रत तुमच्या हाती आली आणि तिच्यातल्या रकान्यांचा उलगडा झाला नाही, तर शाळेचे नाव व यूडायस क्रमांक (शाळेचा ओळख क्रमांक) झाकून ती या सदराकडे पाठवा. नववी-दहावीचा पट आणि मंजूर पदे एवढे दोन आकडे स्पष्ट दिसत असले, तरी जागा खरी आहे की नाही ते सांगता येईल.